ग्लास बदलायचा नाही

एकसष्टाव्या वर्षी, डोक्यावर औषधालाही काळा केस उरलेला नसताना, मी एकवीस वर्षांचा झालो आहे की नाही हे ठरवायला तीन माणसं लागली. हे सांगितलं की लोक हसतात आणि मी गंमत करतोय असं समजतात. मी विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशीला असतो. आमच्या धंद्यात गंमत करत नाहीत. आणि त्या रविवारी मिलवॉकीच्या स्टेडियममध्ये मला जे धक्के बसले, त्यातला हा सगळ्यात किरकोळ होता.

काम म्हटलं तर एवढंसं होतं. आमच्या मुलीचं, ब्रिजेटचं, ज्याच्याशी लग्न ठरत होतं, त्या इमरी नावाच्या मुलाच्या हातात त्याला आवडेल अशी एक ग्लास बिअर नेऊन द्यायची. आता मिलवॉकीत माणसाच्या हातात बिअर देणं याला काम म्हणत नाहीत. पण इमरी आला होता ऑरेगनहून, तिथे त्याची स्वतःची चिमुकली भट्टी होती, आणि तो क्राफ्ट बिअर बनवायचा. रासबेरीची, देवदाराच्या कोंबांची, आणि एक तर समुद्राच्या मिठाची. उलट माझे सासरे कॅझिमिर गापिन्स्की, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे जाजा (पोलिश भाषेत आजोबा), यांचा उभा जन्म शहरातल्या जुन्या मोठ्या कारखान्यात बाटल्या भरण्यात गेला. पिवळी, पातळ, गार बिअर, तीही तिथलीच. दुसऱ्या बिअरला ते बिअर म्हणत नाहीत, 'सरबत' म्हणतात.

इमरीचा धंदा कळल्यावर जाजांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं, "बिअरमध्ये रासबेरी घालणाऱ्याच्या लग्नाला मी कोट घालून येणार नाही. कोट न घालताही येणार नाही."

त्यावर ब्रिजेटने काटा खाली ठेवून सांगितलं, "जाजा येणार नसेल तर लग्नच नाही."

दोघंही गापिन्स्की. दिलेला शब्द मागे घेणं ही गोष्ट त्या रक्तात नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात, पण आमच्या घरात बाकीचे नऊही सासऱ्यांच्याच ताब्यात आहेत. शेवटी माझ्या बायकोने, मार्लीनने, तोडगा काढला. इमरीला बेसबॉलच्या मॅचला न्यायचं, जाजांच्या शेजारी बसवायचं, आणि मॅच संपेपर्यंत जाजांनी ठरवायचं. स्वतः मार्लीन घरी राहिली. तिला बघवणार नव्हतं.

निघताना ब्रिजेट माझ्या कानात म्हणाली, "डॅड, त्याच्यासाठी वरच्या काउंटरवरून नीट बिअर आण. इथली साधी प्यायला लागली तर तो काहीतरी खरं बोलून जाईल. तो खोटं बोलत नाही, तोच त्याचा प्रॉब्लेम आहे."

आता आमच्या स्टेडियमची रीत अशी. साधी बिअर तुमच्याकडे चालत येते. ओटिस नावाचा माणूस गळ्यात ट्रे अडकवून पायऱ्या चढउतर करतो, त्याला हात केला की ग्लास रांगेतून हातोहात तुमच्यापर्यंत पोचतो. मधली दहा माणसं अनोळखी असतात, पण दुसऱ्याच्या ग्लासातला घोट कुणी घेत नाही. चर्चमध्येसुद्धा आम्ही इतके प्रामाणिक नसतो. क्राफ्ट बिअर मात्र तुमच्याकडे येत नाही. तुम्ही तिच्याकडे जायचं, रांगेत उभं राहायचं आणि वर तिची माहिती ऐकून घ्यायची.

पहिल्याच इनिंगला मी उठलो. माझ्यापुढे एकच गृहस्थ होता. पण त्याला सगळ्या नळांतली थेंब थेंब चव बघायची होती. काउंटरवरची मुलगी त्याला कुठल्या बिअरला ओल्या गवताचा वास आहे नि कुठलीला पेरूचा, हे समजावत होती. तो डोळे मिटून "हं, गवत" म्हणायचा. पाठीमागे मैदानातून आरडाओरडा ऐकू यायचा आणि इथे हा गवत हुंगत उभा. अखेर माझा नंबर लागला तेव्हा तिने मनगटावर पट्टी आहे का विचारलं. पट्टी एकवीस पूर्ण असल्याचा पुरावा दाखवल्यावर मिळते, आणि पट्टीशिवाय बिअर मिळत नाही. मी लायसन्स दिलं. तिने ते उलटसुलट केलं आणि हळहळत म्हणाली, "सर, याची मुदत संपलीय."

"लायसन्सची संपलीय. वयाची नाही."

"मुदत संपलेल्यावर वय धरत नाहीत, सर."

"बाई, यावर माझा जन्म लिहिलाय. तो झालेला आहे. तो काही रद्द होत नाही."

तिने मान्य केलं की मी जन्मलेला दिसतो. पण नियम नियम होता. तिने मला खालच्या मजल्यावरच्या प्रेक्षक सेवा कक्षात पाठवलं. तिथल्या तरुणाने अत्यंत आदराने खुर्ची दिली, पाणी दिलं, पायऱ्या चढताना त्रास होतो का विचारलं, आणि मी सज्ञान असल्याचा पुरावा मागितला. मी त्याला टक्कल दाखवलं. गुडघ्याच्या ऑपरेशनचा व्रण दाखवला. मुलीचं लग्न ठरतंय हे सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं म्हणणं मला पटतंय सर, पण मला पटून उपयोग नाही." आणि त्याने वरिष्ठ बाईंना बोलावलं.

बाईंनी मला पाहताक्षणी ओळखलं. "तुम्ही विमावाले टेस्के ना? गारपीट झाली तेव्हा माझं छप्पर बघायला आला होतात. वर चढलात आणि उतरता येईना. माझ्या नवऱ्याने खांद्यावर घेऊन उतरवलं होतं."

कक्षातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "शिडी डुगडुगत होती."

"तेव्हाही तुम्ही म्हातारेच होतात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या मनगटाला पट्टी बांधली. आयुष्यात कुणी माझ्याबद्दल इतकी खात्रीशीर साक्ष दिली नव्हती, आणि मला धड आनंदही होईना.

परत वर, परत रांग. अखेर निळ्या ग्लासात ती गढूळ, संत्र्याच्या सालीसारखा वास येणारी बिअर घेऊन मी आमच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा पाचवी इनिंग चालू होती. बॅटर उभा असताना पायऱ्यांवरून कुणाला सोडत नाहीत. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने मला हाताने अडवलं. मग मी आपल्या रीतीप्रमाणे ग्लास पायरीकडेच्या लोकांच्या हातून खाली आमच्या रांगेत सोडला. पहिली लोरेन, आमची जुनी शेजारीण. मग माझी रिकामी खुर्ची. मग जाजा, त्यांच्यापलीकडे इमरी, त्याच्यापलीकडे ब्रिजेट. मी ओरडून सांगितलं, "इमरीला."

लोकांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. आणि नेमका त्याच वेळी रांगेच्या दुसऱ्या टोकाने ओटिसने जाजांची साधी बिअर सोडली. ती ब्रिजेटकडून इमरीकडे आली. त्या रविवारी आठवण म्हणून सगळ्यांनाच सारखे निळे, झाकणाचे ग्लास देत होते. इमरीला वाटलं, ही आपली. जाजांकडे लोरेनकडून आली ती त्यांना वाटली त्यांची. दोघांनी एकदमच ग्लास तोंडाला लावले.

मी वरून बघत होतो. जाजांचा चेहरा मी तेहतीस वर्षं ओळखतो. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा तो एवढा बदलला नव्हता. घोट तोंडात तसाच, गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. ते थुंकणार एवढ्यात खाली मैदानात आमच्या पिचरने समोरच्याला तिसऱ्यांदा चकवलं आणि इनिंग संपली. मागच्या रांगेतल्या व्हर्नने, तो निवृत्त पोस्टमन आणि बिनपगारी सल्लागार, जाजांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कॅझ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "गिळ."

आणि त्याने हनुवटीने फलकाकडे खूण केली. पाहुण्या संघाच्या नावापुढे हिट या रकान्यात शून्य होतं. पाच इनिंग झाल्या तरी आमच्या पिचरला, लागुना नावाच्या त्या पोराला, एकानेही धड फटका मारलेला नव्हता. नवव्या इनिंगच्या शेवटपर्यंत हे असंच राहिलं तर त्याला जे म्हणतात, ते मी आजही मोठ्याने उच्चारणार नाही. माणसं जन्मभर तिकिटं काढतात आणि हे एकदाही बघायला मिळत नाही. आणि ते चालू असताना त्याचं नाव काढायचं नसतं. तोंडातून शब्द गेला की फटका बसलाच. जागा बदलायची नाही, टोपी फिरवायची नाही, पाय दुमडला असेल तर दुमडलेलाच ठेवायचा. जे जसं चाललंय ते तसंच चालू द्यायचं.

जाजांनी घोट गिळला. गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

"ही त्याची आहे," ते ग्लासाकडे बघत म्हणाले. "ते सरबत आहे."

"असेल," व्हर्न म्हणाला. "पण आता ग्लास बदलायचा नाही. तू ते प्यायचं. पोराने तुझी प्यायची. शेवटपर्यंत."

"काय झालं?" इमरीने विचारलं.

"काही नाही," सगळे एकदम म्हणाले.

इथेच सगळी गोम होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या मुलाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. अमुक गोष्ट बोलू नकोस असं त्याला बजावायचं, तर ती गोष्ट आधी बोलावी लागणार. म्हणजे त्याला सावध करायची सोयच नव्हती. ब्रिजेट नुसती त्याचा हात दाबून बसली, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं प्रेमाने दाबतेय.

मी जाऊन आपल्या खुर्चीत बसलो. बसतो न बसतो तोच सहाव्या इनिंगच्या पहिल्याच चेंडूवर फाडकन आवाज झाला. चेंडू गोळीसारखा गेला आणि आमच्या खेळाडूने अक्षरशः लोळण घेऊन तो जमिनीपासून बोटभर वर पकडला. सगळ्या विभागाचा श्वास अडकला. मग हळूहळू माना वळल्या. माझ्याकडे.

"रसेल," लोरेन विणकाम न थांबवता म्हणाली, "तू पाच इनिंग नव्हतास."

"वयाचा पुरावा देत होतो."

"तेव्हा कसं शांत चाललं होतं," व्हर्न म्हणाला. "मी काही म्हणत नाही. मी फक्त सांगतोय."

"व्हर्न, मी या खुर्चीत तुझ्याआधीपासून बसतोय."

"आणि इतक्या वर्षांत ते एकदा तरी झालंय का?"

मी जाजांकडे बघितलं, निदान घरचं माणूस बाजू घेईल म्हणून. जाजा म्हणाले, "जरा जाऊन ये."

मी पायऱ्या चढून वर गेलो. दोन चेंडूंत दोन आउट. खाली आलो, बसलो, सातव्या इनिंगचा पहिला बॅटर, चार चेंडू बाहेर पडल्यामुळे, फुकटात बेसवर गेला. हा हिट धरत नाहीत, शून्य शाबूत राहिलं, पण माझा निकाल लागला. चार रांगा मागे बसलेल्या, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं अशा इसमाने मला सांगितलं, "साहेब, घरी बायकामुलं असतील तर त्यांच्यासाठी तरी उठा." मी उठलो. मान खाली घालून स्वतःच्या पैशाने काढलेल्या खुर्चीतून निघालो, तेव्हा काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मागून व्हर्नचा आवाज आला, "वर आहेसच, तर कॅझच्या ग्लासाची सोय बघ. त्याचा संपत आलाय. सातवी संपली की विक्री बंद होते."

म्हणजे हद्दपारीबरोबर कामगिरीही मिळाली. जाजांचा घोट चुकता कामा नये, आणि तो त्याच नळाचा हवा. मी काउंटरवर गेलो. एका माणसाला एका वेळी दोनच ग्लास. मी दोन घेऊन रांगेत सोडले, परत येऊन आणखी दोन घेतले. पट्टी बांधणाऱ्या बाई फिरत फिरत तिथे आल्या आणि माझ्या हातातल्या ग्लासांकडे बघून म्हणाल्या, "टेस्के, जरा बेताने. आज खांद्यावर घ्यायला माझा नवरा आलेला नाही." हे सगळे सासऱ्यांसाठी आहेत, असं मी सांगितलं. त्यांच्या नजरेतली माझी उरलीसुरली पतही गेली.

बाकीची मॅच मी काउंटरवरच्या टीव्हीवर बघितली. बघितली म्हणायचं एवढंच. तो टीव्ही खऱ्या खेळाच्या थोडा मागे चालतो. आधी भिंतीपलीकडून गर्जना ऐकू यायची, मग इकडे पडद्यावर पिचर हात फिरवायचा. पुढे काय झालं ते मला आधी कळायचं आणि काय चाललंय ते नंतर. ज्याची मी जन्मभर वाट पाहिली ते पन्नास पावलांवर घडत होतं आणि मी गवताच्या वासाच्या बिअरपाशी उभा होतो. मला रडू यायचं बाकी होतं. मार्लीनचा फोन आला, "कसं चाललंय? जमतंय का त्यांचं?" मी म्हणालो, "सांगता येत नाही." ती म्हणाली, "म्हणजे वाईट?" मी म्हणालो, "अगं, सांगता येत नाही." तिला कळलं. तीही गापिन्स्की आहे. तिने मुकाट्याने फोन ठेवला.

मी अधूनमधून डोकावायचो. जाजा शहीद व्हायला निघाल्यासारखे घोट घेत होते. प्रत्येक घोटानंतर तोंड वाकडं, पण ग्लास खाली नाही. शेजारी इमरी साधी बिअर पीत होता. एकदा त्याने जाजांना काहीतरी विचारलं, आणि जाजा हातवारे करून सांगायला लागले. बाटल्यांचा पट्टा, झाकणांचं यंत्र, गळकी बाटली नुसत्या आवाजावरून कशी ओळखायची. इमरी पुढे वाकून ऐकत होता. आमच्या घरात ते यंत्र सुरू झालं की आम्ही ताटं उचलायला लागतो. हा मुलगा प्रश्न विचारत होता. ब्रिजेटने वर माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

नववी इनिंग. दोन आउट. आता एकच माणूस उरला. चाळीस हजार माणसं उभी, आणि सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला राहवेना. म्हटलं, खुर्चीत बसत नाही, पण पायरीवर उभं राहायला कुणाच्या बापाची बंदी आहे? दारावरचा माणूसही खेळात बुडालेला होता. मी चोरासारखा खाली उतरलो आणि आमच्या रांगेच्या जरा वर थांबलो. कुणाची माझ्याकडे नजर नव्हती.

त्या शांततेत इमरीने फलकाकडे बघितलं. खूप कौतुकाने, जाजांना बरं वाटावं म्हणून, तो स्वच्छ आवाजात म्हणाला, "जाजा, त्यांना तर अजून एकही हिट मिळालेली नाही, नाही का?"

लोरेनच्या सुया थांबल्या. पिचरने चेंडू टाकला, बॅट लागल्याचा मऊसा आवाज आला, आणि चेंडू, काही जोरात नाही, अगदी आळसावलेला, आमच्या दोन खेळाडूंच्या मधोमध गवतात पडला.

फलकावर शून्याचा एक झाला. सगळं स्टेडियम एकदम खाली बसल्यासारखं झालं. शिव्यासुद्धा कुणाच्या तोंडून निघेनात. आणि मग आमच्या विभागात ते सुरू झालं. माना वळायला लागल्या. व्हर्न मागून सावकाश पुढे झुकला. इमरी गोंधळून सगळ्यांकडे बघत होता आणि ब्रिजेटने त्याची बाही घट्ट धरली होती. जाजांचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त मान दिसत होती, आणि ती लाल होत चालली होती.

माझ्यात काय संचारलं ते मला माहीत नाही. मी शिड्यांना घाबरणारा माणूस आहे. पण मी ते चार पायऱ्यांचं अंतर उतरलो, लोरेनच्या पायांवरून गेलो आणि माझ्या खुर्चीत धपकन बसलो.

"काय दुर्दैव," मी मोठ्याने म्हणालो. "आणि मी नेमका आत्ताच येऊन बसलो होतो."

व्हर्नने माझ्याकडे बघितलं. "तू कधी आलास?"

"हा बॅटर आला तेव्हाच. हळूच येऊन बसलो. म्हटलं, शेवटचाच तर आहे."

पुढे मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिता येत नाही. व्हर्न, ज्याच्या बायकोच्या अंत्यविधीला मी खुर्च्या वाहिल्या होत्या, म्हणाला की तो यापुढे मला ओळखत नाही. लोरेनने माझ्यासाठी एकच शब्द वापरला, पण तो तिने गेली कित्येक वर्षं वापरला नसावा. मागच्या अनोळखी इसमाने माझ्या पाठीवर शेंगांची टरफलं टाकली. पुढचा बॅटर आउट झाला, आम्ही मॅच जिंकलो, आणि आनंद झालेला एकही माणूस मला दिसला नाही. मान लाल झालेले जाजा उठले, त्यांनी इमरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चल पोरा. तुझा काही दोष नाही. आमच्याकडे हा एक असा आहे."

पार्किंगमध्ये पोरं पुढे गेली. मी आणि जाजा मागे राहिलो. पाच ग्लास गढूळ बिअर पोटात असल्यामुळे ते माझ्या दंडाला धरून चालत होते. मग म्हणाले, "कोट इस्त्रीला टाकायला सांग मार्लीनला. लग्नाला लागेल."

"सांगतो," मी म्हणालो. जरा धीर करून विचारलं, "बिअर कशी होती?"

"भयंकर. पाच प्यायलो. तू आमच्या घरात आलास तेव्हा तुझ्यासाठी मी एवढं केलं नव्हतं."

आम्ही गाडीशी पोचलो. मी दार उघडलं, पण ते आत बसेनात. दाराला धरून उभे राहिले.

"रसेल, मी म्हातारा झालोय. बहिरा नाही झालो. तो पोरगा माझ्या कानाशी बोलला."

"मग तुम्ही सगळ्यांसमोर मला..."

"मग काय करणार?" जाजा म्हणाले. "नवा माणूस आहे, जपावा लागतो. तू कुठे जाणार आहेस?"